फक्त वंगण बाकी

टण्ण.

दुपारचे अडीच. माझी लेक तुबा नुकतीच झोपली होती, लाइट गेल्यामुळे पंखा थांबला होता, आणि अकोल्यात मार्चपासूनच कुत्रीसुद्धा भुंकायचं काम संध्याकाळवर टाकतात. तेवढ्या शांततेत स्वयंपाकघराच्या फरशीवर काहीतरी पडलं, तीनदा उसळलं आणि घरंगळत निघून गेलं. वळून बघायची गरज नव्हती. बाकीच्या मुलींना बांगडी फुटल्याचा आवाज ओळखता येतो. मी सायकलवाल्याची मुलगी, मला बेअरिंगचा छर्रा पडल्याचा येतो. वाटीत अकरा मोजून ठेवले होते. आता दहा.

गॅसमागे पाहिलं, फळीखाली पाहिलं, झाडूनं सगळ्या कोपऱ्यांची झडती घेतली. छर्रा तिसऱ्या दिवशी सापडला. माझे यजमान उजैर यांच्या दाताखाली, ज्वारीच्या भाकरीत. उजैर कापडाच्या दुकानात दिवसभर लोकांचे नखरे ऐकतो, त्यामुळे घरी फारसा बोलत नाही. त्यानं छर्रा तळहातावर घेतला, उजेडात धरला आणि शांतपणे विचारलं, "मिस्बाह, और कितने बाकी है?"

"हाच एक होता," मी म्हटलं आणि तो धुऊन वाटीत टाकला. अकरा झाल्याच्या आनंदात त्याच्या दाताची चौकशी करायची राहून गेली. ती त्यानं अजून मनात ठेवली आहे.

तर हे छर्रे जानरावांच्या सायकलीचे.

जानेवारीत अब्बा गेले. इनायतुल्ला सायकलवाले म्हटलं की परतवाड्यात पत्ता पुरायचा. चाळिसावा दिवस झाला आणि दुकानाच्या मालकानं फार अदबीनं सांगितलं की जागा मोबाइल रिचार्जवाल्याला द्यायची आहे. दुकान रिकामं करताना बाकड्यावर एक थाळी सापडली. तिच्यावर स्वच्छ फडकं, फडक्याखाली मागच्या चाकाच्या मधल्या हबचे सगळे भाग ओळीनं मांडलेले, जसे बसवायचे तसे. आणि अब्बांच्या अक्षरात चिठ्ठी: "जानराव. फक्त वंगण बाकी."

हा हब साधा नाही. या सायकलीला हँडलवर ब्रेकच नसतो. पायडल उलटं मारलं की हबच्या पोटातल्या पितळेच्या दोन पट्ट्या फाकतात, आतून दाबतात आणि चाक थांबतं. असे हब आता कुठं मिळत नाहीत. बंद पडलेल्या कापूस जिनिंगच्या भंगारातून तीन मेलेले हब आणून अब्बांनी त्यांतून एक जिवंत केला होता, कारण जानरावांना दुसरी सायकल चालत नाही. जानराव त्याच जिनिंगमध्ये कामाला होते. मशीननं त्यांच्या दोन्ही हातांची मिळून सहा बोटं घेतली आणि काही वर्षांनी जिनिंग स्वतःच बंद पडली. तळव्यानं हँडल धरता येतं. ब्रेक दाबायला बोटं लागतात. रोज गावाहून सहा किलोमीटर दुधाच्या दोन कॅना घेऊन ते परतवाड्याला येतात, वाटेत पुलाचा उतार आहे. आणि अब्बा गेल्यापासून ते पायी येत होते.

चाळिसाव्याला एक नातेवाईक बाई माझ्या समोरच दुसरीला म्हणाल्या, "पोरगा असता तं दुकान चाललं असतं." दुकानाचं माझ्या हातात नव्हतं. पण फक्त वंगण! लहानपणी अब्बांच्या शेजारी बसून मी हजार वेळा पाहिलं होतं. मी म्हटलं, हे मी करणार.

अकोल्याला येताना सायकल बसच्या टपावर गेली आणि थाळी माझ्या मांडीवर. फडकं झाकलेली थाळी, ती धरून डोक्यावर पदर घेतलेली बाई. साऱ्या बसनं नियाजचा, म्हणजे प्रसादाचा, अर्थ काढला. एका म्हाताऱ्यानं पाय आखडून घेतले. अकोटला चढलेल्या आजींनी हळूच विचारलं, "किसकी नियाज है बेटा?"

"अब्बांची," मी म्हटलं. खोटं काय होतं त्यात? आजींनी फडक्याला हात लावून डोळ्यांना लावला. हाताला तेलाचा काळा डाग लागला, तो त्यांनी पदरात पुसला. श्रद्धेला डाग चालतात.

आम्ही राहतो नत्थुजींच्या माडीवर. नत्थुजी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांना काही कळत नाही असं नाही. त्यांना प्रत्येक गोष्टीतलं अर्धं कळतं, आणि ते अर्धं ते पूर्ण ठामपणे सांगतात. खाली ओट्यावर मी थाळी मांडली आणि तेलाची बुधली उघडली, तसे ते खुर्चीतून उठले.

"ब्रेकले तेल? बाई, तुमी शिकल्या-सवरल्या ना? ब्रेक मंजे थांबवनारा. तेल मंजे पळवनारं. दोघाईले एका घरात ठेवून राहिल्या तुमी?"

"तुमी कचेरीत आयुष्यभर एक तरी फाइल पळवली का?" आतून पार्बताबाई म्हणाल्या. ही त्यांची बायको. "सारं थांबवतच आले. मिसबा, आयक त्याइचं. थांबवन्यातलं त्याइले कळते."

त्यांची ही साक्ष मला पटली. खरंच, साध्या सायकलीच्या ब्रेकच्या रबराला कोणी तेल लावत नाही. पितळेच्या पट्ट्या मी रॉकेलनं धुतल्या, उन्हात वाळवल्या, पुन्हा फडक्यानं पुसल्या. इतक्या स्वच्छ की तुबानं त्यांत स्वतःचे दात पाहिले. हब बसवला. उजैर म्हणाला, "मैं बैठता. तू सिर्फ दुआ कर."

दुआ करायला मला वेळ मिळाला नाही. गल्लीच्या टोकाला मुलींची शाळा सुटत होती. उजैरनं ऐटीत पायडल उलटं मारलं आणि हबच्या पोटातून असा आवाज निघाला की पलीकडच्या गल्लीतल्या धोब्याच्या गाढवानं त्याला उत्तर दिलं. चाक जागच्या जागी जाम झालं. सायकल थांबली, उजैर थांबला नाही.

"जावई भलता उडते व, मिसबा!" पार्बताबाई ओट्यावरून म्हणाल्या. तीसेक मुलींनी ओढण्या तोंडात कोंबल्या.

"थांबली का नाही?" नत्थुजी म्हणाले. "मंग! ब्रेक पास."

उजैरच्या गुडघ्याला मी हळद लावली. तो म्हणाला, दुकानात विचारलं तर काय सांगू? मी म्हटलं, पडलो म्हणून सांग. तो म्हणाला, लोक कशावरून पडलो ते विचारतात.

त्या रविवारी जानरावांचा फोन आला. फोन नत्थुजींच्या घरात, आणि जानराव दर रविवारी एसटीडी बूथवरून करायचे.

"बेटा, जानराव बोलून राहिलो. पोट्टी कशी हाय?"

"मजेत हाय."

"उजैरमियां?"

"गुडघा सोडून बरे हायेत."

"अन् तू?"

इथं बूथचं मीटर नुसतंच पळत असायचं, मला ऐकू यायचं. मग तेच म्हणायचे, "सायकलीची काई घाई नाही बरं. पायी चाललं का तब्येत चांगली राह्यते." साठी उलटलेला माणूस, सोबत वीस लिटर दूध, आणि तब्येत.

दुसरा सल्ला पार्बताबाईंचा. त्यांनी तांब्या भरून जवसाचं तेल आणलं. "माहा सासरा बैलबंडीच्या चाकाले हेच घाले. घानीचं हाय. आमच्या पोटात जाते, तं तुया हबच्या पोटात नाही चालनार?" हा युक्तिवाद मी तांब्यासकट घेतला. शिवाय मला त्या वासाची भूल पडली. जवसाच्या चटणीचा वास येणारा ब्रेक जगात दुसरा नसेल. मी हब पुन्हा खोलला आणि अगदी सढळ हातानं ओतलं. चाक असं फिरायला लागलं की तुबानं शंभरपर्यंत मोजलं, तरी थांबेना. तिला वीसच्या पुढं येत नाही, ती मधूनमधून वीसच म्हणायची, पण तरी.

मी जानरावांना फोनवर "होत आलं" असंही सांगून टाकलं. मग खात्री करायला सायकल आठ दिवस गच्चीवर ठेवली.

ज्यांच्या घरी जुने लाकडी दरवाजे आहेत त्यांना पुढचं माहीत असेल. जवसाचं तेल दाराला लावून उन्हात सोडलं की त्याचं पॉलिश होतं. ते हबचंही झालं. एप्रिलच्या उन्हात आतलं सगळं डिंकासारखं धरलं. उजैर बसला (तो दुसऱ्यांदा बसला, ही गोष्ट मी त्याच्या मरेपर्यंत विसरणार नाही, आणि माझ्याही), चार वेळा पायडल मारलं आणि थांबला, तर पायडल थांबेना. चाक साखळीला ओढत होतं, साखळी पायडलला आणि पायडल उजैरला. उलटं मारावं तर ब्रेक चिकटून बसलेला. उजैर सायकल चालवत नव्हता. सायकल उजैरला चालवत होती. भाजीवाल्याला "हटो, हटो" म्हणत तो कोपऱ्यावरच्या घरासमोर रचलेल्या पऱ्हाटीच्या ढिगात शिरला. कपाशीची वाळलेली झाडं सगळीकडून टोचतात. पण थांबवतात, हे मान्य करायला हवं.

"तेल चांगलं होतं," पार्बताबाई म्हणाल्या. "जावायाची चालवायची रीत नाही बराबर."

यावर नत्थुजींनी, त्यांच्या आयुष्यात प्रथमच, मत दिलं नाही. ते आत जाऊन हबच्या कंपनीला इंग्रजीत अर्ज लिहायला बसले. कंपनी कुठल्या देशात आहे आणि अजून आहे का, हे त्यांनी कंपनीलाच विचारलं होतं.

मी गावातल्या दोन मिस्त्रींकडे गेले. एकानं हब हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाला, काढून टाका, साधा बसवा, हँडब्रेक लावून देतो. दुसराही तेच म्हणाला. मी विचारलं, ज्याला बोटं नाहीत त्यानं काय करायचं? तो म्हणाला, "त्यानं सायकल कावून चालवायची? कशाले?"

त्या रविवारी जानरावांचा फोन आला नाही. मंगळवारी आला.

"पुतन्याची सायकल घेतली होती बेटा, हँडब्रेकवाली. पुलाच्या उतारावर मी चपलीनं ब्रेक लावत होतो. चप्पल जुनी होती."

"पडले तुमी?"

"मी नाही पडलो. दूध पडलं. मी त्याच्या मागं मागं गेलो."

"लागलं का लय?"

"पायाले जरा. हाताले काय लागनार? हातात हायेच काय!" आणि ते हसले. मग खोकले. मग म्हणाले, "पोट्टी कशी हाय?"

मी वर आले. तुबा खाली पार्बताबाईंच्या मांडीवर होती, तिची सगळी बोली तिथूनच आलेली. घरात कोणी नव्हतं. मी थाळी समोर घेऊन बसले आणि मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. नत्थुजींना विचारलं, पार्बताबाईंना विचारलं, रस्त्यावरच्या मिस्त्रींना विचारलं. ज्या एका माणसाला हे येत होतं त्याला तेवढं विचारलं नाही. अब्बा गेल्यापासून त्यांची आठवण यायला लागली की मी भांडी घासायला घ्यायची. आमची भांडी त्या उन्हाळ्यात इतकी चमकत होती की पार्बताबाईंनी पावडर कुठली ते विचारलं होतं. आठवायचंच नाही असं मी ठरवलं होतं. मग वंगण कसं लावायचं ते कुठून आठवणार?

त्या दिवशी भांडी तशीच राहू दिली.

आधी काहीच आलं नाही. मग त्यांची बोटं आली. अब्बा गिऱ्हाइकांशी वऱ्हाडीत बोलायचे, आमच्याशी उर्दूत, आणि सायकलशी नुसत्या बोटांनी. आठ वर्षांची मी बाकड्याला लोंबकळून विचारत होते, "कितना लगाना, अब्बा?"

"रोटी को घी लगाते उतना."

"किसकी रोटी को?"

ते थांबले होते. त्यांना प्रश्न आवडला की ते थांबायचे. "मेहमान की रोटी को नहीं, वो दिखाने का होता. अपनी बच्ची की रोटी को. थोड़ा, लेकिन किनारे तक."

आणि पट्ट्या? मी डोळे मिटूनच बसले होते. ते हसत होते. "इसको तो पहले! पीतल को भूखा रखा तो चीखेगा. लोहे से पीतल लगता ना, बीच में कुछ नरम चाहिए." ब्रेकलाच वंगण लागतं. जाड ग्रीस. आणि मधल्या आट्यांना ग्रीस नाही, पातळ तेलाचे दोन थेंब, नाहीतर ते आळशी होतात. सगळं होतं. तीन महिने मी त्याच्यावर भांडी घासत होते.

दुकानातून आणलेल्या पेटीतून अब्बांचा ग्रीसचा डबा काढला. झाकण उघडलं. ग्रीसमध्ये मधोमध बोटाची एक चर होती, वळून वर आलेली, टोकाला नखाची खूण. ग्रीस वाळत नाही, सुकत नाही. शेवटचं बोट जसं फिरलं तसंच ठेवतं. जानेवारीतलं. मी ती चर न मोडता कडेकडेनं काढायला लागले, अगदी दह्याची साय राखून दही काढावं तसं.

तेवढ्यात तुबा जिना चढून आली, म्हणाली, "मी पन!" आणि तिनं पाचही बोटं डब्याच्या मधोमध घातली.

मी ओरडणार होते. तोंड उघडलंसुद्धा. ती हात काढून बघत होती, काळं-पिवळं चमकणारं, इतकी खूश. मग मी तिचा हात धरला आणि हबच्या आत नेला. "कडेपर्यंत," मी म्हटलं. "पूर्ण कडेपर्यंत लाव." तिनं पितळेच्या पट्ट्यांना लावलं, छर्ऱ्यांना लावलं, आपल्या गालाला लावलं. आम्ही एकेक छर्रा मोजून बसवला. संध्याकाळी उजैर आला, त्यानं आमची तोंडं पाहिली आणि न सांगताच सायकल खाली नेली. तिसऱ्यांदा. गल्लीच्या टोकाला जाऊन त्यानं पायडल उलटं मारलं. काहीच ऐकू आलं नाही. सायकल नुसती थांबली, एखादा माणूस ओळखीचा चेहरा दिसल्यावर थांबतो तशी.

पार्बताबाईंची निराशा झाली, हे त्यांनी लपवलं नाही.

सायकल परतवाड्याला पार्सलनं पाठवायची होती. पार्सलच्या खिडकीतल्या बाबूंनी पावती मागितली. माझ्याकडे अब्बांच्या पावतीपुस्तकातला कागद होता.

"हे इनायतुल्ला कोन?"

"माझे वडील."

"त्याइची सही लागन इथं."

"ते येऊ शकत नाहीत."

"मंग त्याइच्या हातचं पत्र आना."

"तेही देऊ शकत नाहीत."

"आजारी हायेत का?"

"आता नाहीत," मी म्हटलं.

"बरे झाले ना? मंग येऊ द्या त्याइले!" बाबू प्रसन्न होऊन म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले. मला त्यांचा राग आला नाही. इतक्या सहजपणे त्यांना येऊ द्या म्हणणारा तो पहिलाच माणूस होता. मी तिथंच उभी राहिले, मागचे लोक ढकलेपर्यंत.

मग मी आणि तुबा सायकलीसोबत निघालो. सायकल टपावर, आम्ही खिडकीत, बाहेर मे महिन्याची काळी उघडी शेतं. समोरच्या सीटवरचा माणूस पेपर वाचत होता. पहिल्या पानावर आमच्या जिल्ह्याचं नाव होतं, त्या वर्षांत रोजच असायचं, खाली विष घेतलेल्या शेतकऱ्याचा फोटो. तुबा वाकून बघायला लागली, तसा त्यानं पेपर घडी करून बुडाखाली घातला आणि तिला विचारलं, "गोळी खाते का?"

जानराव स्टँडवर आले होते, लंगडत. त्यांनी माझ्या डोक्यावर तळवा ठेवला. सायकल उतरवली तेव्हा ते तिच्याभोवती एकदा फिरले. दुकानाच्या गल्लीत गेलो. तिथं आता लाल-पिवळी पाटी होती, मी तिच्याकडे बघितलं नाही. त्या गल्लीला थोडा उतार आहे. जानराव बसले, दोन्ही तळवे हँडलवर टेकवले, खाली गेले, पायडल उलटं मारलं. सायकल थांबली. पुन्हा वर आले, पुन्हा गेले. तीनदा. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांचे डोळे भरून आलेले होते, पण उन्हात सगळ्यांचेच येतात.

"इनायतभाईचंच काम हाय," ते म्हणाले. "हात लपत नाही मानसाचा."

मी हो म्हटलं.

तुबानं हट्ट धरला. जानरावांनी तिला कॅरिअरवर बसवलं, तिनं त्यांचा सदरा मुठीत धरला आणि दोघं उतारावरून गेले. मधेच ते थांबले. तुबा काहीतरी बोलत होती, ते मान हलवत होते. मग ते सायकलवरून उतरले आणि तिला तशीच बसवून, सायकल हातानं ढकलत, लंगडत वर आणायला लागले.

"अम्मी," ती लांबूनच ओरडली, "आजोबानं पाय मागं मारले, तं सायकल मागं कावून नाही गेली?"

या हबच्या पोटात काय काय आहे ते आता माझ्याइतकं अकोल्यात कोणाला माहीत नसेल. आटे, शंकूसारखे कोन, पट्ट्या, अकरा छर्रे. मी तिच्या गालावरचा केस बाजूला केला.

"पाय मागं मारले की ती थांबते, बेटा. मागं नाही जात."

जानराव त्या लाल-पिवळ्या पाटीकडे बघत होते. तुबानं वाकून पायडलकडे पाहिलं.

"लय वेळ मारत राह्यलं तरी?"